'डिअर'ला पोर्तुगीजमध्ये काय म्हणावे?

इंग्रजी पत्राच्या आरंभी येणारा 'डिअर' हा शब्द मोठा सोयीचा आहे. देणेकरी, साहेब, पुत्र, प्रेयसी, सर्वांना तो चालतो. आपल्याकडे तसे नव्हते. जुन्या मराठी पत्राचा मायना 'तीर्थरूप' आहे की 'चिरंजीव', एवढ्यावरूनच नाते उमगे. या बाबतीत पोर्तुगीज भाषा इंग्रजीपेक्षा आपल्याला जवळची. तिथे 'डिअर'चे भाषांतर करण्यापूर्वी नाते ठरवावे लागते.

'कारु' हे विशेषण लॅटिन 'कारुस'पासून आलेले. अर्थ प्रिय, तसाच महागही. इंग्रजी 'डिअर'मध्येही हे दोन्ही अर्थ नांदतात. (आपला 'महाग' हा 'महार्घ', म्हणजे मोठ्या मोलाचा, यातून आला, पण तो बाजारातच राहिला, पत्रात कधी शिरला नाही.) 'प्रेझादु'च्या मुळाशीही किंमतच आहे, तो आदराचा आणि अंतर राखणारा शब्द. 'केरीदु'चा जन्म मात्र 'केरेर' या क्रियापदातून झाला. केरेर म्हणजे हवे असणे, प्रेम करणे. हवासा वाटणारा तो 'केरीदु', हवीशी वाटणारी ती 'केरीदा'. अपरिचित स्त्रीला या शब्दाने पत्र लिहिणे म्हणजे मर्यादा ओलांडणेच.

हा पेच ज्याच्या पोटापाण्याशी निगडित होता, असा एक माणूस लिस्बनमध्ये होऊन गेला: फर्नांदु पेसोआ (१८८८–१९३५). आज तो पोर्तुगालच्या थोर कवींमध्ये गणला जातो. आईचा दुसरा पती दक्षिण आफ्रिकेतील डर्बन येथे पोर्तुगालचा वाणिज्यदूत होता. त्यामुळे पेसोआचे शिक्षण इंग्रजीत झाले. १९०५ मध्ये तो लिस्बनला परतला आणि व्यापारी पेढ्यांची इंग्रजी व फ्रेंच पत्रे लिहून देऊन चरितार्थ चालवू लागला. अर्थात 'डिअर सर' हे त्याच्या रोजच्या मजुरीतले शब्द होते.

अशाच एका पेढीत ओफेलिया केरोझ ही १९ वर्षांची तरुणी टंकलेखनाच्या कामाला लागली. तो तेव्हा ३१ वर्षांचा. पुढे तिने स्वतः सांगितलेली हकिकत अशी: १९२० च्या आरंभी एके दिवशी कचेरीतले दिवे गेले. पेसोआने रॉकेलचा दिवा पेटवून तिच्या टेबलावर ठेवला, आणि सुटण्याच्या वेळेआधी, थांबण्याची विनंती करणारी एक चिठ्ठी तिच्यापुढे टाकली. मग त्याने प्रेम व्यक्त केले, पण स्वतःच्या शब्दांत नव्हे. शेक्सपिअरच्या नाटकात हॅम्लेट ओफेलियाला जे लिहितो, ते त्याने पोर्तुगीजमध्ये म्हटले. मुळातल्या 'डिअर'च्या जागी त्याच्या तोंडी 'केरीदा' आले.

(हॅम्लेट तोवर पोर्तुगालला नवा नव्हता. १८७७ मध्ये खुद्द राजा लुईस पहिला याने त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले होते. आपल्याकडे पाचच वर्षांनी गोपाळ गणेश आगरकर डोंगरीच्या तुरुंगात याच नाटकाचे 'विकारविलसित' करीत होते. एक राजवाड्यात, एक कोठडीत!)

त्यानंतर मात्र काही घडलेच नाही, अशा थाटात पेसोआ वावरू लागला. एका मुलीच्या दृष्टीने ही थट्टा नव्हती. तिने पत्र लिहून खुलासा मागितला. १ मार्च १९२० चे त्याचे उत्तर उपलब्ध आहे. त्याच्या मायन्यात 'केरीदा' नाही, 'प्रेझादा' नाही, कोणतेच विशेषण नाही. आहे ते फक्त 'ओफेलिन्या', म्हणजे नावाला लाडाचा प्रत्यय जोडलेले रूप. आपण 'ताई'ची 'ताईडी' करतो तसे. मायना लाडिक, मजकूर मात्र रुसव्याचा: खरे प्रेम करणाऱ्यांची पत्रे वकिली अर्जासारखी नसतात, असा टोमणा त्यात आहे. पुढच्या पत्रांत ती 'बेबे' होते, 'बेबेझिन्यु' होते. दिवसभर दुसऱ्यांसाठी ठरीव मायने लिहिणारा हा माणूस स्वतःच्या पत्रात बोबड्या बोलांचा आश्रय घेतो, हे मला त्या पत्रांतले सर्वांत खरे वाटते. २९ नोव्हेंबर १९२० च्या पत्राने त्याने हे नाते तोडले.

१९२९ मध्ये पत्रव्यवहार पुन्हा सुरू झाला. त्यातले २५ सप्टेंबरचे पत्र विलक्षण आहे. खाली सही आहे आल्व्हारु द कांपुश या नौका-अभियंत्याची. म्हणजे पेसोआनेच कल्पिलेल्या, ज्याच्या नावाने तो कविता लिही, त्या कवीची. मायना पूर्ण दरबारी, परक्या बाईंना लिहावा तसा. फर्नांदु पेसोआ नामक एका हीन, दीनवाण्या इसमाने हा निरोप कळवण्याचे काम आपल्यावर सोपवले आहे, असे हे अभियंता महाशय तिला कळवतात. त्या इसमाशी आपले नाते काय, हेही ते सांगतात: तो आपला खास, 'केरीदु' मित्र आहे.