झॉम्बी प्रलय पूर्वतयारी

झॉम्बी प्रलय पूर्वतयारी म्हणजे मृत माणसे पुन्हा उठून जिवंतांवर हल्ले करू लागतील अशा काल्पनिक संकटात जीव वाचवण्यासाठी आखलेले नियोजन होय. असे संकट प्रत्यक्षात येण्याचा संभव नाही; परंतु २०११ पासून चक्रीवादळ, भूकंप, पूर, साथरोग यांसारख्या खऱ्या आपत्तींच्या पूर्वतयारीचे शिक्षण देण्यासाठी या कल्पनेचा वापर होत आला आहे. अमेरिकेतील रोग नियंत्रण व प्रतिबंध केंद्रे या शासकीय संस्थेने (संक्षेपाने सीडीसी) १६ मे २०११ रोजी सुरू केलेली मोहीम हे त्याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण आहे. या मोहिमेने लोकांचे लक्ष मोठ्या प्रमाणावर वेधले. मात्र त्यामुळे लोकांची प्रत्यक्ष तयारी वाढली का, हा प्रश्न अभ्यासकांमध्ये वादाचा ठरला.

पार्श्वभूमी

झॉम्बी ही संकल्पना कॅरिबियन समुद्रातील हैती या देशाच्या लोकश्रद्धेतून आली आहे. तेथील झॉम्बी हा मांत्रिकाच्या ताब्यात गेलेला, स्वतःची इच्छाशक्ती गमावलेला मृतदेह असून तो इतरांना चावत नाही वा त्याच्यामुळे रोगही पसरत नाही. मरणानंतरही राबावे लागण्याची ही भीती हैतीतील गुलामगिरीच्या इतिहासाशी जोडली जाते. आज परिचित असलेले झॉम्बीचे रूप मुख्यतः जॉर्ज रोमेरो यांच्या 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' (१९६८) या चित्रपटामुळे रूढ झाले. पुढील चित्रपट व व्हिडिओ गेम यांमधून झॉम्बी हा संसर्गजन्य रोगाचा वाहक बनला. त्यामुळे त्याच्या कथेत साथरोगाची सर्व लक्षणे आली: चाव्यातून संसर्ग, वेगाने वाढणारी रुग्णसंख्या, ओस पडलेली शहरे आणि कोलमडलेली शासनव्यवस्था.

मॅक्स ब्रुक्स यांच्या 'द झॉम्बी सर्व्हायव्हल गाइड' (२००३) या पुस्तकाने बचावाचे नियोजन हा विषय गंभीर माहितीपुस्तिकेच्या थाटात मांडला आणि तो लोकप्रिय केला.

सीडीसीची मोहीम

जपानमध्ये मार्च २०११ मध्ये भूकंप, त्सुनामी व फुकुशिमा येथील अणुदुर्घटना झाल्यानंतर सीडीसीचे संपर्क अधिकारी ट्विटरवर नागरिकांशी आपत्तींविषयी संवाद साधत होते. त्या चर्चेत झॉम्बींचा उल्लेख येताच प्रतिसाद वाढल्याचे त्यांच्या लक्षात आले. अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम दरवर्षी १ जूनपासून सुरू होतो. त्याच्या तोंडावर नेहमीच्या सूचना पुन्हा देण्याऐवजी त्या झॉम्बींच्या निमित्ताने द्याव्यात, असे ठरले. संस्थेच्या आपत्ती सज्जता विभागाचे तत्कालीन संचालक डॉ. अली खान यांच्या नावाने हा लेख संस्थेच्या ब्लॉगवर प्रसिद्ध झाला. झॉम्बी प्रलयाला तोंड देण्यास जो सज्ज आहे, तो चक्रीवादळ, साथ वा भूकंप यांनाही तोंड देऊ शकेल, असा त्याचा आशय होता. लेख वाचण्यासाठी इतकी गर्दी झाली की संबंधित संकेतस्थळ काही काळ बंद पडले.

आपत्कालीन संच

लेखात घरी ठेवावयाच्या संचाची यादी दिली होती. मदत पोहोचेपर्यंतचे पहिले काही दिवस निभावून नेणे हा तिचा उद्देश होता.

पाणी: प्रत्येक व्यक्तीस दररोज एक गॅलन, म्हणजे सुमारे ३.८ लिटर.
अन्न: लवकर न नासणारे पदार्थ.
औषधे: डॉक्टरांनी लिहून दिलेली तसेच किरकोळ आजारांवरील.
साधने: चाकू, चिकटपट्टी, बॅटरीवर चालणारा रेडिओ इत्यादी.
स्वच्छता: साबण, टॉवेल, घरगुती ब्लीच.
कपडे व अंथरूण: प्रत्येकासाठी बदलण्याचे कपडे व पांघरुणे.
कागदपत्रे: वाहन परवाना, पारपत्र, जन्मदाखला इत्यादींच्या प्रती.
प्रथमोपचार: जखमांवर उपचार करण्याचे साहित्य. झॉम्बीच्या चाव्यावर मात्र त्याचा उपयोग होणार नाही, अशी मिश्कील टीप येथे जोडली होती.

कौटुंबिक आराखडा

संचाबरोबरच कुटुंबाने एकत्र बसून चार बाबी ठरवाव्यात, असे लेखात सुचवले होते. आपल्या भागात कोणत्या आपत्ती संभवतात याची नोंद करावी. ताटातूट झाल्यास भेटण्याच्या दोन जागा ठरवाव्यात. अचानक आलेल्या संकटासाठी घराजवळची आणि घरी परतणे शक्य नसेल तेव्हासाठी वस्तीबाहेरची. पोलीस, अग्निशमन दल तसेच परगावातील एक नातेवाईक यांचे दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवावेत. शेवटी, बाहेर पडण्याचे एकाहून अधिक मार्ग आधीच पाहून ठेवावेत.

अशी साथ खरोखर आलीच तर इतर कोणत्याही साथीप्रमाणेच तिचा तपास केला जाईल, असेही लेखात म्हटले होते. प्रयोगशाळेतील चाचण्या, रुग्णांची देखभाल, संपर्कातील व्यक्तींचा शोध आणि विलगीकरण हे त्यातील टप्पे होत. अशा रीतीने सार्वजनिक आरोग्य यंत्रणेची कार्यपद्धतीही वाचकांपर्यंत पोहोचली. त्याच वर्षी सीडीसीने याच विषयावर एक चित्रकथाही प्रसिद्ध केली.

लष्करी आराखडा

अमेरिकेच्या सामरिक कमांडने ३० एप्रिल २०११ ही तारीख असलेला 'कॉनप्लॅन ८८८८' हा झॉम्बीविरोधी आराखडा तयार केला होता. 'फॉरेन पॉलिसी' या नियतकालिकाने मे २०१४ मध्ये त्याविषयी वृत्त दिल्यावर तो सर्वज्ञात झाला. कनिष्ठ अधिकाऱ्यांना युद्धनियोजनाची पद्धत शिकवणे हा त्याचा हेतू होता. सरावासाठी एखाद्या खऱ्या देशाचे नाव वापरल्यास तो आराखडा खरा असल्याचा गैरसमज होण्याचा धोका असतो; झॉम्बींच्या बाबतीत तो उद्भवत नाही. आराखड्यात झॉम्बींचे प्रकार पाडले असून त्यांत केवळ वनस्पती खाणाऱ्या झॉम्बींचाही समावेश आहे.

गणिती प्रतिमाने

कॅनडातील ओटावा व कार्लटन विद्यापीठांतील संशोधकांनी २००९ मध्ये झॉम्बींच्या काल्पनिक साथीचे गणिती प्रतिमान प्रसिद्ध केले. साथरोगांच्या नेहमीच्या प्रतिमानात मृत व्यक्ती गणनेतून कायमच्या बाहेर पडतात. येथे मात्र त्या झॉम्बी होऊन परत येतात. त्यामुळे विलगीकरण वा उपचार पुरेसे ठरत नाहीत आणि लवकर व वारंवार केलेला प्रतिकारच मानवजातीला वाचवू शकतो, असा निष्कर्ष निघाला. अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये मांडलेल्या प्रतिमानानुसार दाट वस्तीची शहरे लवकर पडतात, तर उत्तर रॉकी पर्वतासारखे विरळ वस्तीचे प्रदेश दीर्घकाळ सुरक्षित राहतात.

परिणाम व टीका

सीडीसीनंतर इतर संस्थांनीही ही कल्पना उचलली. अमेरिकेच्या संघीय आपत्ती व्यवस्थापन संस्थेने २०१२ मध्ये तिचा पुरस्कार केला, तर कॅन्सस राज्यात ऑक्टोबर हा झॉम्बी पूर्वतयारी महिना म्हणून घोषित करण्यात आला. इंग्लंडमधील लेस्टर शहराच्या परिषदेकडे २०११ मध्ये एका नागरिकाने माहिती अधिकारात झॉम्बी हल्ल्याच्या तयारीविषयी विचारणा केली. असा स्वतंत्र आराखडा नसल्याचे परिषदेने मान्य केले.

या मोहिमेवर प्रामुख्याने तीन आक्षेप घेतले गेले. पहिला खर्चाचा होता. सिनेटर टॉम कोबर्न यांनी डिसेंबर २०१२ मधील अहवालात अंतर्गत सुरक्षेच्या निधीच्या वापरावर टीका करताना, झॉम्बी हल्ल्याचे प्रात्यक्षिक असलेल्या एका परिषदेचे शुल्क या निधीतून भरण्यास मुभा असल्याचे उदाहरण दिले. दुसरा गैरसमजाचा होता. मायामी येथे २०१२ मध्ये एका व्यक्तीने दुसऱ्याच्या चेहऱ्याचे लचके तोडल्याच्या घटनेनंतर अफवा पसरल्या. तेव्हा मृतांना जिवंत करणारा किंवा झॉम्बीसारखी लक्षणे निर्माण करणारा कोणताही विषाणू ज्ञात नाही, असे सीडीसीला जाहीर करावे लागले.

तिसरा आक्षेप परिणामकारकतेचा असून तो सर्वांत महत्त्वाचा आहे. मोहिमेवरील २०१५ मधील एका अभ्यासात असे आढळले की, विनोदी संदेश वाचणाऱ्यांमध्ये प्रत्यक्ष खबरदारी घेण्याचा इरादा साधा संदेश वाचणाऱ्यांपेक्षा कमी होता. विनोदामुळे संदेश दूरवर पोहोचला तरी संकटाचे गांभीर्य कमी वाटू शकते, असा याचा अर्थ लावला जातो. याउलट, कोविड-१९ साथीच्या काळात करण्यात आलेल्या व २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात झॉम्बी व प्रलयविषयक चित्रपटांचे चाहते साथीसाठी अधिक सज्ज असल्याचे दिसून आले. मात्र हा परिणाम चित्रपट पाहण्याचा की मुळात तशा स्वभावाचे लोकच ते चित्रपट निवडतात, हे अशा सर्वेक्षणातून सिद्ध होत नाही.

भारतीय चित्रपटांत

भारतात झॉम्बी प्रामुख्याने मनोरंजनाच्या क्षेत्रातच आढळतात. गोव्याजवळील एका बेटावर घडणारा 'गो गोवा गॉन' (२०१३) हा हिंदी चित्रपट आणि डोंबिवलीत घडणारा, आदित्य सरपोतदार दिग्दर्शित 'झोंबिवली' (२०२२) हा मराठी चित्रपट ही त्याची उदाहरणे होत.

हे सुद्धा पहा

आपत्ती व्यवस्थापन
साथरोगशास्त्र
विलगीकरण
प्रथमोपचार