फंड कोणाचा?



वसंतातल्या व्याख्यानाला येताना आपण काव्य, संगीत किंवा एखाद्या थोर पुरुषाचे चरित्र ऐकण्याच्या अपेक्षेने येता. आम्ही आज आपणांस प्रॉव्हिडंट फंडाचा इतिहास सांगणार आहोत. विषय रुक्ष आहे, हे आम्ही आधीच कबूल करतो. पण घरावरचा वरचा मजला, मुलीचे लग्न, मुलाची कॉलेजातली फी आणि शेवटी म्हातारपणची औषधे यांसाठी ज्याच्याकडे डोळे लागतात, तो फंड नोकरदाराच्या घरात रामरक्षेइतकाच परिचयाचा असतो. त्याच्या इतिहासातला एकच प्रश्न आज आपण घेऊ. माणूस एक नोकरी सोडून दुसरी धरतो, तेव्हा त्याची पुंजी त्याच्याबरोबर जाते की जुन्या मालकाच्या दारात पडून राहते?

आपल्याकडे म्हातारपणाची पहिली संघटित तरतूद म्हणजे सरकारी पेन्शन. पेन्शनरांचे शहर म्हणून पुण्याची थट्टा होते, ती त्या पेन्शनीच्या जोरावरच. पण त्या पेन्शनीचा एक नियम फार कडक होता. चाकरीचा राजीनामा दिला की मागची सगळी सेवा बुडाली. वीस वर्षे इमानाने काम केलेला कारकूनही मध्येच उठून गेला, तर रिकाम्या हाताने जाई. पेन्शन हे निष्ठेचे बक्षीस होते, आणि निष्ठा म्हणजे एकाच दाराशी टिकून राहणे, असा त्या काळचा अर्थ होता.

फंडाची कल्पना याहून निराळी. दरमहा नोकराने थोडे घालावे, तितकेच मालकाने घालावे आणि त्यावर व्याज चढावे. सरकारी व तत्सम फंडांसाठी १८९७ साली एक कायदा झाला. त्याची जागा १९२५ च्या कायद्याने घेतली, आणि सक्तीने ठेवलेल्या रकमेवर सावकाराला कोर्टाची जप्ती आणता येणार नाही, असे संरक्षण तिला मिळाले. खाजगी धंद्यांत टाटांच्या पोलाद कारखान्याने १९२० साली फंड सुरू केला. पुढे इतर मोठ्या कंपन्यांनीही तसे केले. परंतु अशा पुष्कळ खाजगी फंडांच्या नियमांत पेन्शनीचीच छाया होती. ठरावीक वर्षांच्या आत नोकरी सोडली, किंवा गैरवर्तनाबद्दल कामावरून काढले गेले, तर मालकाचा हिस्सा मिळत नसे. नोकराला मिळे ते स्वतःचे पैसे व व्याज. म्हणजे पुंजीला नोकराचे नाव असले, तरी निम्म्या पुंजीची किल्ली मालकाच्या कमरेला.

कामगारांच्या स्थितीची पाहणी करण्यासाठी १९२९ साली रॉयल कमिशन नेमले गेले. आपले ना. म. जोशी त्याचे सभासद होते. पुढे १९४४ साली रेगे समिती नेमली गेली. दत्तात्रेयाला जसे तीन मुखे, तसे त्या काळी गिरणी कामगाराच्या म्हातारपणाला तीनच आधार होते: गावाकडची जमीन, कर्ता मुलगा आणि नशीब. तिन्ही डळमळीत. १९४८ साली कोळशाच्या खाणींसाठी सक्तीचा फंड आला. त्याच वर्षी सर्वसाधारण कामगारांसाठी एक बिनसरकारी विधेयकही मांडले गेले. सरकार स्वतः व्यापक कायदा आणील, या आश्वासनावर ते मागे घेण्यात आले. जगजीवनराम मजूरमंत्री असताना, १५ नोव्हेंबर १९५१ रोजी वटहुकूम निघाला, आणि १९५२ साली त्याचा कायदा झाला.

हा कायदा करताना सरकारने दिलेली कारणे मननीय आहेत. सर्वांना म्हातारपणी पेन्शन देणे त्या वेळी कारभाराच्या दृष्टीने अवघड होते. ग्रॅच्युइटीत सगळा पैसा मालकाचा, तेव्हा कामगाराला काटकसरीची सवय लागणार नाही. फंडाने ती सवय लागेल. आणि आणखी एक लाभ असा सांगितला गेला की, फंडामुळे औद्योगिक शहरांत कामगारवर्ग स्थिर होईल. श्रोतेहो, या शेवटच्या कारणावर आपण बोट ठेवू. जी पुंजी माणसाच्या म्हातारपणासाठी साठवायची, तिच्याकडून त्याला तरुणपणी जागेवर टिकवून धरण्याचे कामही करून घ्यावयाचे होते. गोठ्यातल्या खुंट्याला चारा बांधला की गाय लांब जात नाही, त्यातलाच हा प्रकार.

योजनेचा आरंभ बेताचाच होता. सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड व पोलाद, कागद आणि कापड असे सहा धंदे. कारखान्यात निदान पन्नास माणसे हवीत आणि तो सुरू होऊन तीन वर्षे झालेली हवीत. वर्गणी मूळ पगार व महागाईभत्ता यांवर सव्वासहा टक्के, म्हणजे रुपयास बरोबर एक आणा. कामगाराचा एक आणा, मालकाचा एक आणा. दरमहा तीनशे रुपयांपर्यंतच्या पगारदारांना ती सक्तीची होती. मुंबईच्या गिरणगावात 'फंड कापला' हा शब्द तेव्हापासून घरोघर रुळला.

परंतु नोकरी बदलणाऱ्यासाठी या फंडाला तीन कुलपे होती. पहिले असे की, नव्या माणसाला वर्षभर सलग काम केल्याशिवाय, किंवा बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवस भरल्याशिवाय, सभासद होता येत नसे. आज या गिरणीत तर उद्या त्या गिरणीत उभ्या राहणाऱ्या बदली कामगाराने हे दिवस कोठून भरावेत? दुसरे असे की, थोड्या वर्षांत फंड मोडून घेणाऱ्याला मालकाचा हिस्सा पुरा मिळत नसे. सभासदत्वाच्या वर्षांच्या मानाने त्यातून कपात होई व ती रक्कम जप्ती खात्यात जाई. तिसरे कुलूप दिसण्यात क्षुल्लक, पण सर्वांत चिवट. खात्याचा क्रमांक कारखान्याच्या क्रमांकाला जोडलेला असे. आधी प्रांत, मग कारखाना आणि सर्वांत शेवटी माणूस. कारखाना बदलला की क्रमांक बदलला, आणि मागचे खाते मागेच राहिले.

कायद्याला हे दिसत नव्हते असे नाही. १९६३ च्या दुरुस्तीने त्यात १७ अ हे कलम घातले गेले. कायद्याखालच्या कारखान्यातून कायद्याबाहेरच्या कारखान्यात, किंवा उलट, माणूस गेला, तर त्याची इच्छा असल्यास व तेथील फंडाच्या नियमांत बसत असल्यास त्याची जमा त्याच्यामागून जावी, असे त्यात म्हटले. ही पुंजी माणसाची आहे आणि ती माणसाबरोबर चालली पाहिजे, हे तत्त्व येथे कायद्याच्या अक्षरांत उतरले.

तत्त्व उतरले, पैसा मात्र फायलीत चालत राहिला. तेरा नंबरचा फॉर्म भरावयाचा, तो नव्या मालकाकडून पाठवावयाचा, जुन्या मालकाची साक्ष घ्यावयाची, एका कचेरीने दुसऱ्या कचेरीला लिहावयाचे. तरुणपणी आम्ही स्वतः नोकरी बदलली तेव्हा हा फॉर्म भरला होता. जुन्या ठिकाणी आमच्या नावाच्या स्पेलिंगात एक अक्षर जास्त होते. त्या एका अक्षराने आम्हांला दोन वर्षे खेटे घालावयास लावले. बरोबरीच्या पुष्कळांनी शहाणपणा केला. हिशेब घेतला, पैसे मोडले आणि मोकळे झाले. तो शहाणपणा किती महाग पडला, हे कळावयास त्यांना साठी गाठावी लागली.

आणि ज्याचा जुना मालकच नाहीसा झाला, त्याने सही कोणाची आणावी? १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांतला मोठा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. त्यानंतर कित्येक गिरण्यांचे भोंगे कायमचे थांबले. कोणी यंत्रमागावर गेला, कोणी पहारेकरी झाला, कोणी कोकणात परतला. नवी नोकरी मिळाली तरी जुना फंड बंद दाराच्या आत, अशी अनेकांची गत झाली.

फंड मध्येच मोडल्याने नुकसान काय होते, हे साध्या हिशेबाने पाहू. समजा, पंचविशीतल्या तरुणाने नोकरी बदलताना पन्नास हजार रुपये काढून घेतले. तेच पैसे आठ टक्क्यांनी तीस वर्षे राहिले असते, तर पाच लाखांच्या वर झाले असते. शिवाय पाच वर्षांची सलग सेवा होण्याआधी काढलेल्या रकमेवर कर लागतो. रक्कम पुढे नेली तर मागच्या मालकाकडची वर्षेही धरली जातात. तिसरी गोष्ट पेन्शनीची. १६ नोव्हेंबर १९९५ पासूनच्या पेन्शन योजनेत निदान दहा वर्षे भरावी लागतात. चार ठिकाणी चार-चार वर्षे काम करून प्रत्येक वेळी हिशेब घेतलेल्या माणसाला सोळा वर्षांच्या कष्टांनंतर पेन्शन नाही. तीच वर्षे जोडून घेतली, तर पंधरा हजार पगाराच्या हिशेबाने, सोळा भागिले सत्तर या सूत्राप्रमाणे, अठ्ठावन्नाव्या वर्षापासून महिना सुमारे ३,४२८ रुपये. ही रक्कम मोठी नाही. पण आजीबाईच्या रक्तदाबाच्या गोळ्या कोणापुढे हात न पसरता येतात, एवढी ती आहे.

तीन कुलपे उघडली, पण सावकाश. १ नोव्हेंबर १९९० पासून कामाच्या पहिल्या दिवशीच सभासद होता येऊ लागले. मालकाच्या हिश्श्यातली कपातही पुढे गेली. तिसरे कुलूप उघडावयास २०१४ साल यावे लागले. त्या वर्षीच्या ऑक्टोबरात प्रत्येक सभासदाला बारा आकडी सार्वत्रिक खाते क्रमांक देण्याची योजना जाहीर झाली. आता आधी माणूस आणि मग त्याने केलेल्या नोकऱ्या, असा क्रम लागला. २०११ पासून तीन वर्षे वर्गणी न आलेल्या खात्यांचे व्याज थांबवले होते. ते २०१६ च्या नोव्हेंबरात पुन्हा सुरू झाले. आणि २०२५ च्या जानेवारीत, आधारशी जोडलेल्या बहुतेक खात्यांच्या बाबतीत, बदलीसाठी मालकाच्या हातून अर्ज पाठवण्याची अट काढली गेली. १९५२ च्या कायद्याची जागाही २१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षेच्या संहितेने घेतली आहे. रुपयास एक आणा कापल्यापासून या क्षणापर्यंत सत्तरांवर वर्षे गेली.

म्हणून सर्व आलबेल झाले, असे आम्ही म्हणत नाही. कंत्राटी कामगाराचे काम तेच असते, दरवाजा तोच असतो, दर वर्षी ठेकेदार मात्र नवा येतो. आणि नवा ठेकेदार कित्येकदा जुना क्रमांक न विचारता नवा काढतो. मग एकाच माणसाच्या नावावर चार खाती आणि चारांतही थोडे थोडे. थेंबे थेंबे तळे साचते हे खरे. पण थेंब एकाच तळ्यात पडले तर.

म्हणून आज घरी गेल्यावर एक काम करा, अशी आमची विनंती आहे. मुलगा, सून, जावई, किंवा आपल्या गल्लीत पहाऱ्याला बसणारा मनुष्य, यांपैकी कोणी अलीकडे नोकरी बदलली असेल, तर त्याला एवढेच विचारा: मागचा फंड पुढे आणला का? नाव, जन्मतारीख आणि नोकरी सोडल्याची तारीख कागदांवर सारखी आहे का? निष्ठेचे बक्षीस म्हणून ज्याची सुरुवात झाली, ते कष्टांचे मोल म्हणून ओळखले जाण्यास आपल्या देशाला फार वर्षे लागली. ज्यांनी ती वर्षे कचेऱ्यांच्या बाकांवर बसून काढली, त्यांच्यातले बरेच जण आज नाहीत. त्यांनी उघडवून घेतलेल्या दारातून पुढच्यांनी आपली पुंजी बरोबर घेऊन जावे, एवढे झाले तरी आजची संध्याकाळ सत्कारणी लागली असे आम्ही समजू.