फाशावरचं ‘नमः’

निन्टेंडो डीएस या हातातल्या यंत्रावर २००७ साली ‘मारिओ पार्टी डीएस’ आला. गेमकार्ड एकाकडेच असलं तरी बिनतारी जोडणीने चौघं खेळू शकतात. फासा टाकायचा, घरं मोजायची, फेरी संपली की एक झटपट चुरस. मालिका १९९८ची, हडसन सॉफ्टने घडवलेली. इथवर सरळ आहे.

मी अडकलो ‘सुगोरोकु’ या शब्दात. फाशाच्या पटखेळाला जपानी माणूस हेच म्हणतो. चिनी अक्षरांत त्याचा अर्थ ‘जोड-सहा’, म्हणजे दोन्ही फाशांवर सहा. मूळ खेळ बॅकगॅमनच्या जातीचा, जुगारी. ६८९ साली सम्राज्ञी जितोने त्यावर बंदी घातली. पुढे तेच नाव चित्रांच्या पटाला चिकटलं. त्यातलाच एक ‘जोदो सुगोरोकु’, सुखावती या बौद्ध स्वर्गाला पोचवणारा पट. त्याचं पहिलं घर ‘नान-एम्बुशू’. हा ‘एम्बु’ म्हणजे जंबु! सत्यनारायणाच्या संकल्पात गुरुजी भराभर म्हणून टाकतात तेच जंबुद्वीप. फाशावर ठिपक्यांऐवजी सहा अक्षरं असत, त्यातली पहिली दोन ‘ना-मु’: आपलं नमः.

मग हा आपल्या मोक्षपटाचाच, म्हणजे जुन्या सापशिडीचाच, भाऊ? मला तसं म्हणायचा फार मोह होतो. पण मोक्षपट ज्ञानेश्वरांच्या नावावर सांगतात तो परंपरेने, आणि आज हाती असलेले जुने पट जोदोपेक्षा बरेच अलीकडचे. शिवाय आपण कवड्या टाकून घरं मोजतो. जोदोत मोजणी नाही, पडलेलं अक्षरच पुढचं घर ठरवतं. ही रीत चीनच्या बढतीच्या पटाची, जिथे दानागणिक कारकुनाचा मंत्री होतो. तेव्हा पट चीनचा, भूगोल आपला, असं मी मानतो. जंबुद्वीप गेलं ते पोथ्यांतून.

उरतो मारिओ. हडसननेच १९८८ साली ‘मोमोतारो देन्तेत्सु’ काढला, आगगाडीचा सुगोरोकु. त्यात मुक्कामाला पोचलात की लगेच नवा मुक्काम ठरतो, आणि सामना ठरलेली वर्षं भरली की संपतो. माझ्या मते सुखावतीचं शेवटचं घर पुसलं गेलं ते इथे. मारिओतही तारा मिळाला की तो दुसरीकडे उगवतो, ही त्याच घराण्याची खोड.

जोदोत ‘योचिन’ नावाचं नरकघर होतं. तिथे पडलेला खेळातून कायमचा बाद. मारिओच्या लाल घरात पडलात, तर तीन नाणी जातात.