शाल्यापिनचे मॉस्कोतील घर

कलावंताच्या घराचे संग्रहालय झाले म्हणजे तेथे त्या कलावंताचे वैभव तेवढे पाहावयास मिळेल, अशी सर्वसाधारण अपेक्षा असते. वस्तुतः अशी वास्तू कलावंताइतकीच त्याच्या राज्यसंस्थेविषयीही साक्ष देत असते. मॉस्कोतील नोविन्स्की बुलेव्हारवर असलेले फ्योदर शाल्यापिन याचे घर या दृष्टीने विचारार्ह आहे.

शाल्यापिनचा जन्म १८७३ साली कझान येथे एका गरीब कुटुंबात झाला. खर्जातील भारदस्त आवाज आणि त्यास अनुरूप असा अभिनय यांच्या बळावर तो युरोपीय संगीतिकेचा अग्रगण्य गायक ठरला. मुसोर्ग्स्कीच्या ‘बोरिस गदुनोव’ या संगीतिकेतील झारची भूमिका त्याच्या नावाशी कायमची निगडित झाली. संगीतिकेतील पात्र केवळ गाऊन नव्हे, तर जगून दाखवावयाचे असते, हा विचार रूढ करण्यात त्याचा वाटा मोठा होता. १९१० साली त्याने हे घर विकत घेतले व तेथे पत्नी इओला तोर्नागी आणि मुले यांच्यासह वास्तव्य केले. इओला ही मूळची इटालियन नर्तकी होती.

राज्यक्रांतीनंतर १९१८ साली त्यास ‘लोककलावंत’ ही पदवी देण्यात आली. परंतु १९२२ साली परदेशी गेलेला शाल्यापिन पुन्हा मायदेशी परतला नाही. पॅरिसमधील निर्वासित रशियनांच्या गरजू मुलांसाठी त्याने आर्थिक साहाय्य दिले. या कृत्याचा राजकीय अर्थ लावण्यात येऊन १९२७ साली त्याची पदवी काढून घेण्यात आली. इकडे मॉस्कोतील घरात अनेक कुटुंबांची सामायिक वस्ती झाली. ज्या दालनांत एकेकाळी गाण्याच्या बैठकी होत, तेथे बिऱ्हाडे थाटली गेली.

१९३८ साली शाल्यापिन पॅरिस येथे मरण पावला. पुढे १९८४ साली त्याचे अवशेष मॉस्कोतील नोवोदेविची दफनभूमीत आणण्यात आले आणि १९८८ साली त्याच्या घरात संग्रहालय उघडण्यात आले. भोजनगृह, बिलियर्डची खोली व पांढरे दालन पूर्ववत सजविण्यात आले. मात्र १९२७ चा निर्णय रद्द झाला तो १९९१ साली! म्हणजे सुमारे तीन वर्षे अशी विसंगती नांदत होती की, कलावंताचे घर सन्मानाने जपले जात होते आणि कागदोपत्री तो पदच्युतच होता.

या कालक्रमावरून एक गोष्ट स्पष्ट होते. पुनःस्थापना ही एका आज्ञेने होत नाही; आधी देह, मग घर आणि सर्वांत शेवटी कागद, अशा क्रमाने ती घडली. पदवी देणे व काढून घेणे राज्याच्या हाती होते. गायकाचा लौकिक मात्र ध्वनिमुद्रिकांत आणि रसिकांच्या स्मरणात अबाधित राहिला होता. घर-संग्रहालयाच्या अभ्यासकाने म्हणून सजविलेल्या दालनांबरोबरच त्यांतील रिकाम्या वर्षांचाही इतिहास वाचला पाहिजे.