मधुमेह्याने दूध प्यावे काय? : एका जुन्या वादाची हकीकत

आपल्या मंडळात गुरुवारचे भजन आटोपले, की चहाच्या वेळी एक लहानसा तंटा ठरलेला असतो. एकीला चहा बिनसाखरेचा, पण दाट दुधाचा हवा असतो, दुसरी म्हणते, "अहो, दुधातच साखर असते, मला कोराच द्या." दोघींनाही मधुमेह, आणि दोघींपाशी आपापल्या डॉक्टरांचा हवाला! चिटणीसबाईंनी स्मरणिकेसाठी लेख मागितला तेव्हा मनात आले, की पाककृती दरवर्षी असतातच. ह्या खेपेस ह्या तंट्याचाच इतिहास सांगावा. तो तुम्हाआम्हाला वाटतो त्याहून पुष्कळच जुना आहे.

चरकसंहितेत प्रमेहाची कारणे दिली आहेत. त्यांत दही, नवे धान्य, गुळाचे पदार्थ ह्यांच्या पंक्तीला दूधही बसविलेले आहे. माझ्या सासूबाईंना हा विकार जडला तेव्हा वैद्यबुवांनी ह्याच आधारावर त्यांचे दूध बंद केले, आणि डॉक्टरांनी त्याच आठवड्यात सकाळ-संध्याकाळ पेलाभर दूध लिहून दिले. सासूबाई दोघांचाही मान राखीत. दूध पीत, पण सोमवार "वैद्यांचा वार" म्हणून सोडीत. मात्र चरकांच्या त्या यादीत पहिला मान दुधाला नाही, तो बसून राहण्याच्या सुखाला आणि दुसरा झोपेच्या सुखाला आहे. घरोघर ही यादी सांगताना नेमका तेवढाच भाग कसा गळतो, कोण जाणे!

पश्चिमेकडे ह्या विचाराला शास्त्रीय वळण लागले ते १७७६ साली. लिव्हरपूलच्या मॅथ्यू डॉब्सन ह्या डॉक्टरांनी मधुमेह्याची लघवी आटवून तिच्यात साखर उरते हे दाखविले, आणि रक्तातला पातळ भागही गोड लागतो अशी नोंद केली. मग साखर ज्यातून होते ते अन्न तोडावे, हे ओघानेच आले. इंग्रजी लष्करातील वैद्य जॉन रोलो ह्यांनी १७९७ साली आपल्या एका रोग्याचा, कॅप्टन मेरेडिथचा, आहार छापून प्रसिद्ध केला. दुपारी रक्ताचे व चरबीचे पदार्थ, जेवणात शिळे, खवट मांस. वाचतानाच पदर नाकाला लावावासा वाटतो! परंतु सकाळी व रात्री काय? दूध, त्यात चुन्याची निवळी, आणि सोबत लोणी-पाव. भाजीपाला तोडणाऱ्या ह्या वैद्याने दूध मात्र राखले होते.

त्याच्याही पुढे गेले इंग्लंडातले डॉ. आर्थर स्कॉट डोनकिन. १८७१ साली त्यांनी ग्रंथच लिहिला, की मधुमेह्याला साय काढलेल्या दुधाखेरीज काहीही देऊ नये. काही रोग्यांची साखर खरोखरच उतरे. आज पाहता त्यातली गोम ध्यानात येते. नुसत्या निःसत्त्व दुधावर ठेवल्यावर एकंदर अन्नच इतके थोडे पोटात जाई, की साखर उतरणारच. पुन्हा गंमत अशी, की साय काढल्याने स्निग्धांश जातो. दुधातली साखर, म्हणजे दुग्धशर्करा, होती तेथेच राहते. हा घोटाळा अजूनही आपल्याकडे चालतो. म्हशीच्या दुधात पाणी आणि दुधाची भुकटी मिसळून त्याचा स्निग्धांश तीन टक्क्यांवर आणण्याची, म्हणजे 'टोन्ड' दुधाची, युक्ती मुंबईत १९४६ च्या सुमारास दारा खुरोडी ह्यांनी काढली. ती दूध स्वस्त व्हावे आणि अधिक मुखी पोचावे म्हणून, मधुमेह्यांसाठी नव्हे. पेलाभर, म्हणजे २०० मिलिलिटर, दूध घ्या; गाईचे असो, म्हशीचे असो वा टोन्ड असो, दुग्धशर्करा नऊ-दहा ग्रॅम, सुमारे दोन चहाचे चमचे, असतेच. शेळीच्या दुधात किंचित कमी. सर्वांत गोड दूध आईचे. त्यात ती सात टक्क्यांच्या आसपास असते.

१९२१ साली टोरांटोला इन्शुलिन हाती आले आणि १९२२ च्या जानेवारीत लेनर्ड थॉम्सन नावाच्या मुलाला ते पहिल्यांदा टोचले गेले. ही कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून लांबवीत नाही. टोचणे साधले, पण रक्तात आपले स्वतःचे इन्शुलिन किती आहे हे कोणालाच मोजता येत नव्हते. इतक्या सूक्ष्म प्रमाणातली वस्तू मोजायची कशी? हे कोडे ज्यांनी सोडविले त्या बाईंची ओळख आपल्या मंडळाला करून द्यावी असे मला फार दिवस वाटत होते.

रोझलिन यॅलो ह्यांचा जन्म न्यूयॉर्कला, नेमका १९२१ सालचा. शिक्षण पदार्थविज्ञानाचे. निवृत्त सैनिकांच्या इस्पितळात त्यांना प्रयोगशाळेसाठी मिळाली ती झाडलोटीचे सामान ठेवण्याची खोली! डॉ. सॉलोमन बर्सन ह्यांच्याबरोबर काम करताना त्यांचा एक महत्त्वाचा निबंध १९५५ साली मासिकांनी परत पाठविला. ते नकाराचे पत्र त्यांनी जपून ठेवले आणि पुढे नोबेल पारितोषिकाच्या व्याख्यानात सर्वांना दाखविले. घर, दोन मुले आणि धर्माचे नियम पाळून केलेला स्वयंपाक हे सगळे चालूच होते. १९५९-६० ह्या काळात ह्या दोघांनी किरणोत्सर्गी आयोडीनच्या साहाय्याने रक्तातील इन्शुलिन मोजण्याची पद्धत सिद्ध केली. तिने पहिलाच धक्का दिला तो असा, की प्रौढ वयात मधुमेह झालेल्या कित्येकांच्या रक्तात इन्शुलिन भरपूर असते; शरीर त्याला दाद देत नाही. बर्सन १९७२ साली वारले. १९७७ साली यॅलोबाईंना नोबेल मिळाले.

आता दुधाकडे येऊ. १९८१ साली टोरांटोच्या डेव्हिड जेन्किन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोणत्या पदार्थाने रक्तातली साखर किती चढते ह्याचे अंक काढले. दुधाचा अंक बराच खाली निघाला. ह्याचे कारण, दुग्धशर्करा पोटात फुटली की निम्मे ग्लुकोज होते आणि निम्मे गॅलॅक्टोज. हे दुसरे आधी यकृतात जाते, लगेच रक्तशर्करा वाढवीत नाही. दुधाचे पक्षकार खूश झाले! परंतु २००१ साली स्वीडनमधील लुंड येथे एलिन ऑस्टमन, हेलेना एल्मस्टॉल आणि इंगर ब्यॉर्क ह्या तीन संशोधिकांनी दोन्ही मापे एकदम घेतली. पांढऱ्या पावाला १०० धरले, तर साखरेचा अंक साध्या दुधाचा ३० आणि आंबविलेल्या दुधाचा १५ भरला; इन्शुलिनचा मात्र अनुक्रमे ९० आणि ९८! म्हणजे साखर थोडी चढते, पण इन्शुलिन जवळजवळ पावाइतकेच सुटते. एका वहीत दूध गरीब, दुसऱ्या वहीत श्रीमंत.

असे का व्हावे? ह्याचे उत्तर आपल्या स्वयंपाकघरातून दिसते. श्रीखंडासाठी दही फडक्यात टांगतो, तेव्हा खाली हिरवट पाणी गळते. फडक्यात राहते ते मुख्यतः केसिन नावाचे प्रथिन व स्निग्धांश. पाण्यात जाते बरीचशी दुग्धशर्करा आणि दुसऱ्या जातीची, चटकन पचणारी प्रथिने. त्यांच्यातली अमिनो आम्ले भराभर रक्तात उतरतात आणि स्वादुपिंडाला हाक देतात; आतड्यातूनही निरोप जातो. तोंडावाटे घेतलेल्या साखरेने शिरेतून दिलेल्या साखरेपेक्षा अधिक इन्शुलिन सुटते, हे १९६४ सालीच दिसून आले होते. अमिनो आम्लांचा गुण १९६६ साली अमेरिकेत मिशिगनच्या संशोधकांनी दाखविला. लुंडच्याच मंडळींनी २००४ साली ह्या पाण्यातल्या प्रथिनांचे पेय निरोगी माणसांना दिले, तेव्हा पावापेक्षा साखर निम्म्याहून कमी चढली, आणि इन्शुलिन जवळजवळ दुप्पट सुटले. आपण मात्र ते पाणी मोरीत ओततो आणि उरलेल्या चक्क्यात त्याच्या वजनाइतकी साखर घालतो! (कणकेत घालणाऱ्या सुगरणींनी रागावू नये.)

मग ही इन्शुलिनची उसळी चांगली की वाईट? माझ्या मते येथेच सरसकट निकाल देणाऱ्यांचे चुकते. २००५ साली आहारावरच असलेल्या चौदा मधुमेह्यांना जेवणाबरोबर ही प्रथिने दिली, तर दुपारच्या जेवणानंतरची साखर सुमारे २१ टक्क्यांनी कमी राहिली. न्याहारीला मात्र तसा लाभ दिसला नाही. हे प्रौढपणच्या मधुमेहाचे. ज्यांचे स्वादुपिंड इन्शुलिन करीतच नाही, अशा लहानपणापासून टोचून घेणाऱ्यांना ही हाक ऐकणारे घरात कोणीच नसते. त्यांनी दूधही हिशेबात धरून डॉक्टरांनी सांगितलेली मात्रा घ्यावी. दह्याविषयी म्हणाल, तर अमेरिकेच्या अन्न-औषध खात्याने मार्च २०२४ मध्ये इतकेच मान्य केले, की नियमित दही खाल्ल्याने प्रौढपणचा मधुमेह होण्याचा धोका कदाचित कमी होत असेल, पण पुरावा मर्यादित आहे. सरकारी भाषेत ह्याहून जपून कोण बोलणार!

भगिनींनो, मला खरी काळजी वाटते ती आपल्यातल्या शाकाहारी, वयस्कर बायकांची. "दुधात साखर" ह्या धास्तीने त्यांनी पेलाभर दूध आणि वाटीभर दही सोडले, म्हणजे ताटातले एक मोठे प्रथिन गेले; चहाबरोबरची दोन बिस्किटे मात्र चालूच राहिली. म्हशीच्या दुधाच्या सायीने साखर सावकाश चढेल, पण उष्मांक वाढतील. बासुंदी आटते तशी दुग्धशर्कराही दाट होते, आणि वरची साखर वेगळी. सांडणीच्या दुधाचे बिकानेरच्या डॉक्टरांचे प्रयोग आशादायक आहेत खरे. पण रोगी थोडे, आणि आपल्या गल्लीत सांडणी कोठून आणावी?

हल्ली सुना-मुली बदामाचे, सोयाचे, ओटचे दूध आणतात. बदामाच्या दुधात साखर वरून घातलेली नसेल तर जवळजवळ काहीच चढत नाही, पण प्रथिनही नावापुरतेच. सोयाचे प्रथिनात गाईच्या जवळ जाते. ओटचे दूध निघाले त्याच लुंडमध्ये, १९९० नंतरच्या दशकात. त्यात ओटमधले पिष्ट पाचक द्रव्याने फोडून त्याची माल्टोज नावाची साखर केलेली असते. खोक्यावर "साखर घातलेली नाही" असे छापलेले असले, तरी शेजारच्या तक्त्यात साखरेचा आकडा वाचावा; अक्षर बारीक असते, तेव्हा चष्मा घेऊनच दुकानात जावे.