अंगणातली लिली कशी ओळखायची, कशी लावायची. आणि कळलावीपासून का जपायचं

लांब दांड्यावर पांढरं फूल दिसलं की गावाकडं सरळ 'लिली' म्हणतात. पण अंगणातल्या बहुतेक लिली खऱ्या लिली कुळातल्या नाहीतच. खरी लिली थंड हवेची. आपल्या उन्हाळ्यात तिचा कांदा टिकणं अवघड, म्हणून नर्सरीतून महागाचा कांदा आणताना विचार करावा.

हमखास जगते ती स्पायडर लिली. पानं पट्ट्यासारखी, फुलाला कोळ्याच्या पायांसारख्या सहा बारीक पाकळ्या अन् मधे पातळ पडद्याची वाटी. रेन लिली वीतभर उंचीची. पाऊस पडून गेला की गुलाबी, पांढरी, पिवळी फुलं एकदम येतात. तिची पात कांद्याच्या पातीसारखी दिसते, पण विषारी असते. भाजीच्या वाफ्याजवळ ती नकोच. फुटबॉल लिलीचा लाल चेंडू मे महिन्याच्या सुमारास येतो.

कांदे उन्हाळ्याच्या शेवटी लावावेत. मान मातीच्या वर राहू द्यावी, कुजलेलं शेणखत घालावं. पाणी साचलं की कांदा सडतो. पुढं बाजूला पिल्लं फुटतात, ती वेगळी काढून लावता येतात. पावसाळ्यात पानांवर काळ्या, ठिपकेदार अळ्या दिसल्या तर हातमोजे घालून वेचाव्यात. त्या दोन-चार दिवसांत झाड बोडकं करतात.

खरं जपायचं ते कळलावीपासून. पावसाळ्यात कुंपणावर चढणारी ही वेल पानांच्या टोकाला आलेल्या ताण्यांनी आधार धरते. पाकळ्या पिवळ्या-लाल, कडांना लहरी, ज्वाळांसारख्या वर वळलेल्या. दिसायला देखणी, तमिळनाडूचं हे राज्यफूल आहे, तिथं बियांसाठी शेतीही होते. पण सगळी वेल विषारी, कंद जास्तच. नांगराच्या आकाराचा हा कंद कुणी रताळं किंवा रानकंद समजून खाल्ला तर जीव जाऊ शकतो. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून तो वापरण्याची जुनी पद्धतही धोक्याचीच, ती अजिबात करू नये.

पोटात गेल्यावर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात. मधे थोडं बरं वाटलं तरी थांबू नये, विष नंतरही शरीरात काम करत राहतं. घरगुती उपाय न करता १०८ ला फोन करावा आणि दवाखान्यात जाताना कंदाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा. अंगणात वेल ठेवायचीच असेल तर लेकरं अन् शेळ्या पोचणार नाहीत अशा जागी ठेवावी, आणि हिवाळ्यात वेल वाळल्यावर कंद कुठं आहे तिथं खूण करून ठेवावी.