पोपांचे नाव आणि शेतकऱ्यांचे व्रत

दक्षिण फ्रान्समध्ये ऱ्होन नदीच्या काठी, आव्हिन्यॉ शहराच्या उत्तरेस ‘शातोनफ द्यु पाप’ नावाचे लहानसे गाव आहे. ‘पोपांचा नवा किल्ला’ असा या नावाचा अर्थ. तेथील तांबडा द्राक्षारस जगातील उंची द्राक्षारसांत गणला जातो. त्याच्या अनेक बाटल्यांवर पोपांचा मुकुट व संत पेत्राच्या किल्ल्या काचेतच उमटविलेल्या असतात. मद्यपानाची भलामण करण्याचा आमचा हेतू नाही. परंतु आपल्या धर्माची ही चिन्हे तेथे कशी पोहोचली, हे जाणून घेण्यासारखे आहे.

इ. स. १३०९ मध्ये पाचवे क्लेमेंट आव्हिन्यॉस आले आणि १३७७ पर्यंत पोपपीठाचा मुक्काम प्रामुख्याने तेथेच राहिला. त्यांच्यानंतर आलेले बाविसावे जॉन हे पूर्वी आव्हिन्यॉचेच बिशप होते. त्यांनी १३१७ साली या गावच्या टेकडीवर किल्ला बांधावयास घेतला. तो १३३३ साली पुरा झाला. द्राक्षमळे तेथे त्याआधीपासून होते. तथापि पोपांच्या दरबारी लौकिक होता तो दूरच्या बर्गंडीतील बोन गावच्या द्राक्षारसाचा. त्याच्याच मोहाने कार्डिनलमंडळींना रोमला परतणे नकोसे झाले आहे, असा टोमणा कवी पेत्रार्क याने मारला होता! आपल्या या गावास तर पुढे कित्येक शतके चुन्याच्या भट्ट्यांवरून ‘शातोनफ काल्सर्निए’ असेच म्हणत. पोपांचे नाव त्याने अधिकृतपणे धारण केले ते १८९३ साली.

त्यावेळी गाव मोठ्या संकटातून सावरत होते. १८६३ च्या सुमारास नदीच्या पलीकडील मळ्यांत वेली अकारण सुकू लागल्या होत्या. अमेरिकेतून आलेला फायलोक्सेरा हा सूक्ष्म कीटक मुळ्या शोषून घेतो, हे १८६८ साली माँपेलिएच्या प्लांशाँ या वनस्पतिशास्त्रज्ञाने व त्याच्या सहकाऱ्यांनी शोधून काढले. पण तोवर फार उशीर झाला होता. अखेर अमेरिकन खुंटावर फ्रेंच वेलीचे कलम करणे हाच उपाय ठरला. (आपले नाशिक-सांगलीकडील बागायतदारही द्राक्षवेल परक्या खुंटावर चढवितात, मात्र तेथे कारण मुख्यतः पाण्याच्या टंचाईचे व क्षारांचे.)

मळे पुन्हा उभे राहिले, तरी बराचसा माल पिंपांतून बर्गंडीस जाई आणि तेथील पातळ द्राक्षारसास बळ देण्यासाठी त्यात मिसळला जाई. शिवाय गावाचे नाव वाढू लागताच इतर ठिकाणचा मालही त्या नावाने खपू लागला. तेव्हा १९२३ साली गावचे शेतकरी बॅरन पिएर ल रॉय यांच्याकडे गेले. हे गृहस्थ कायदा शिकलेले, पहिल्या महायुद्धातील वैमानिक आणि स्वतः मळेवाले. त्यांनी परक्यांवर फिर्याद करण्याबरोबरच आपल्याच लोकांना कडक नियमांनी बांधून घेतले, हे आम्हांस विशेष वाटते. ज्या रुक्ष जमिनीत लव्हेंडर व थाईम ही रानझुडुपे शेजारीशेजारी वाढतात, तेवढीच जमीन या नावास पात्र. द्राक्षांच्या जातीही ठरावीकच. त्यांत ग्रनाश प्रमुख. मद्यार्क किमान साडेबारा टक्के हवा आणि तोही सूर्याच्या उष्णतेने द्राक्षात भरलेल्या साखरेतून. वरून साखर घालावयाची नाही. निकृष्ट घड वेगळे काढणे सक्तीचे.

ही जमीन पाहिली तर तेथे पीक येते यावरच विश्वास बसू नये. मळ्यांतून नदीने घासून गुळगुळीत केलेले मोठमोठे गोटे पसरलेले असतात; दिवसा ते तापतात आणि रात्री ऊब सोडतात. उत्तरेकडून येणारा मिस्त्राल वारा इतका जोराचा, की वेली बुटक्या छाटाव्या लागतात. मात्र तोच वारा पाने कोरडी ठेवून बुरशी टाळतो.

न्यायालयीन लढा दहा वर्षे चालला. १९३३ मध्ये अंतिम निकाल गावाच्या बाजूने लागला. पुढे १९३५ साली फ्रान्सने अशा मूळस्थानदर्शक नावांना संरक्षण देणारा कायदा केला आणि १९३६ मध्ये त्या कायद्याखाली मान्यता मिळालेल्या पहिल्या काही नावांत हे नाव होते. मुकुट व किल्ल्यांची बाटली आली ती १९३७ साली.

किल्ला मात्र राहिला नाही. धर्मयुद्धांत व पुढच्या काळात त्याची पडझड झालीच होती. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने उरलेला मनोरा सुरुंगाने उडविला. त्याची अर्धी बाजू अजून उभी आहे. तिच्या पायथ्याशी दर हंगामात द्राक्षांची तोडणी होते, तीही हातानेच; यंत्राने तोडलेला घड या नावाखाली चालत नाही.